स्प्लेंडरवरून काय काय काढलं आणि त्यातलं काय काय परत लावलं: भांडुपचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००६ ची स्प्लेंडर प्लस, काळी, किकवाली, पहिल्या दिवसापासून एकाच घरात. मालक भांडुपचा, वय तिशीच्या आत, नाव देत नाही, नुसतं मालकच म्हणतो. गाडी घेतली त्याच्या वडलांनी. त्यांना मी काका म्हणतो, ते बेस्टच्या डेपोत फिटर होते, आता रिटायर. त्यांची आधीची स्कूटर २६ जुलै २००५ च्या पाण्यात गेली. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, यांच्या चाळीत कमरेएवढं पाणी, स्कूटरच्या इंजिनात गाळ शिरला तो शिरलाच, ती नंतर कधी धड चाललीच नाही. म्हणून पुढच्या वर्षी ही स्प्लेंडर आली. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे सगळा प्रश्न पाण्याचाच झाला.

मी मालकाचा शाळेपासूनचा मित्र. आठवडाभर नोकरी, शनिवार-रविवार गाड्यांचं वायरिंग करतो. या गाडीचं सगळं वायरिंग माझ्या हातचं आहे, त्यामुळे खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातली सगळ्यात मोठी माझी आहे.

अडचण नेमकी काय होती

मालकाला गाडी उघडी करायची होती. म्हणजे बघितलं की टाकी, इंजिन, सीट आणि दोन चाकं, बस, मध्ये काही नको. आणि गाडीवर तर १९ वर्षांत जमलेलं सगळंच होतं, लेग गार्ड, मागे कॅरियर, साडी गार्ड, पूर्ण चेन कव्हर, हेडलाइटचा व्हायजर, प्लास्टिकचे साइड पॅनल, जाड सीट आणि त्यावर अजून एक कव्हर.

पण ही शोपीस नव्हती. सकाळी वहिनींना भांडुप स्टेशनला सोडायचं, मग एलबीएस रोडने घाटकोपरला कामावर, संध्याकाळी परत. पावसाळ्यातसुद्धा हीच, घरात दुसरी गाडी नाही. शिवाय २०२१ ला १५ वर्षं झाली तेव्हा आरसीचं पाच वर्षांचं नूतनीकरण झालेलं, म्हणजे २०२६ ला गाडी परत तपासणीला उभी करायची होती. तेव्हा इन्स्पेक्टरसमोर जे उभं राहील ते कागदाशी जुळायला पाहिजे.

बजेट २५ हजार. काम सुरू केलं २०२५ च्या जानेवारीत.

कुठले पर्याय समोर होते

पहिला पर्याय घरच्यांचा होता, ही विकून हप्त्यावर नवीन रेट्रो गाडी घे. त्यावर फार वेळ गेला नाही, काकांनी मान हलवली आणि विषय संपला.

दुसरा पर्याय वेल्डिंगवाल्याचा. कुर्ल्याला एकजण असल्या गाड्या करतो, त्याचं काम दिसायला खरंच सुंदर असतं, मी नाकारत नाही. तो म्हणाला, शॉकअपच्या मागे फ्रेमचा जेवढा पाइप आहे तो उडवतो, तिथे यू आकाराचा पाइप मारतो, त्यावर सिंगल सीट, मागचं चाक पूर्ण मोकळं. चार दिवसांत गाडी. मालक जवळजवळ हो म्हणालेला, ॲडव्हान्स खिशात होता.

इथे काका आमच्यासोबत होते म्हणून वाचलो. त्यांनी तिथेच खाली बसून शॉकअपच्या मागच्या पाइपवर बोटाच्या पेराने ठोकलं, मग पुढे इंजिनच्या खालच्या पाइपवर ठोकलं, आणि आम्हाला म्हणाले आवाज ऐका. मागचा आवाज पातळ होता. म्हणाले, "हा पाइप पातळ पत्र्याचा आहे, याला साध्या आर्क वेल्डिंगने डाग मारला की एक तर भोक पडेल, नाहीतर शेजारचा पत्रा तापून कडक होईल, आणि मग खड्ड्यात तिथूनच तडा जाईल. डेपोत अशा किती फ्रेमा बघितल्या आहेत." एलबीएस रोडवर रोज जाणाऱ्या माणसाला खड्डा म्हणजे काय ते सांगायला नको.

दुसरी बाजू कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीने मुळात जे बनवलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या जानेवारीत हे परत ठामपणे सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्यात मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपल्याकडे बरेच जण समजतात की फक्त फटाके फोडणारा सायलेन्सर लावला तरच पकडतात, तसं नाही. कापलेली फ्रेम तर लपवता पण येत नाही आणि परत जोडता पण येत नाही.

मग तिसरा पर्याय आम्हीच ठरवला, आणि तो एका वाक्यात वहीच्या पहिल्या पानावर लिहिला: ग्राइंडर आणि वेल्डिंग मूळ गाडीला लागणार नाही, जे होईल ते नट-बोल्टने, आणि काढलेली एकही वस्तू भंगारात जाणार नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात चांगला निर्णय. पुढे जून महिन्यात तो किती चांगला होता ते कळलं.

न कापता गाडी बारीक कशी दिसते

यावर आम्ही बराच डोकं लावलं. मालकाने मोबाइलवर गाडीचा आडवा फोटो काढला आणि त्यावर बोटाने रेघा मारत बसलो. तेव्हा लक्षात आलं की गाडी जड दिसते ती सामानामुळे कमी आणि तुटलेल्या रेघेमुळे जास्त. टाकीची खालची कड एका उंचीवर, सीट पुढे दबलेली मागे चढलेली, टेल लाइट त्याहून वर, कॅरियर अजून वर, म्हणजे नजर सारखी चढत-उतरत राहते. टाकीची खालची कड आणि सीटची खालची कड एका सरळ रेघेत आणली तर अर्ध काम तिथेच होतं.

त्याप्रमाणे सीट केली. मूळ सीटचा सांगाडा तोच, फक्त वरचा फोम काढून सपाट आणि पातळ केला, लांबी दोघांपुरती ठेवली. सिंगल सीटचा मोह होता पण वहिनी रोज मागे बसतात, तिथे चर्चाच नव्हती. टेल लाइट छोटा, सीटच्या खाली सरकवला. हँडल थोडं सपाट आणि अरुंद, ट्रॅफिकमध्ये आरसे अडकत नाहीत हा वरचा फायदा. आरसे दोन्ही ठेवले, गोल आणि छोटे. सायलेन्सर मूळचाच, घासून उष्णतेला टिकणारा मॅट काळा रंग मारला. टाकीचा रंगसुद्धा काळाच ठेवला, कारण रंग आरसीवर लिहिलेला असतो, बदलला तर तिथेही नोंद करावी लागते. चकचकीत काळ्याचं मॅट काळं केलं आणि पट्टे काढले, एवढ्यानेच टाकी वेगळी वाटायला लागली.

जाड टायरचा विषय निघाला होता. या गाडीला २.७५-१८ चे टायर येतात आणि इंजिन ९७.२ सीसीचं, ताकद साडेसात घोड्यांच्या आसपास. त्याला मागे फुग्यासारखा टायर लावला तर फोटो चांगला येतो पण पिकअप मरतो आणि टायर बाजूला घासतो. आहे त्याच मापाचे नवीन टायर घातले.

काढलेलं सगळं सामान आम्ही गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून बघितलं, साडेअकरा किलो भरलं. तो विकत घ्यायला तयार होता. काकांनी प्रत्येक वस्तूला कागदी टेप लावली, त्यावर पेनने लिहिलं, "साडी गार्ड, २ बोल्ट १० नं.", "चेन कव्हर खालचा भाग, वॉशर आत", बोल्ट त्याच वस्तूला प्लास्टिकच्या पिशवीत बांधले, आणि दोन गोण्या भरून माळ्यावर टाकल्या.

वायरिंग, आणि माझी चूक

छोटा हेडलाइट लावायचा ठरवला की पहिली अडचण ही येते की जुन्या गाड्यांत वायरींचा अख्खा गुच्छ हेडलाइटच्या वाटीत कोंबलेला असतो. वाटी छोटी केली की तो गुच्छ जाणार कुठे? तो टाकीखाली घ्यावा लागतो, म्हणजे जवळजवळ प्रत्येक वायर लांब किंवा आखूड करावी लागते. लोहार चाळीतून चांगली वायर आणि श्रिंक ट्यूब आणली, दोन रविवार त्यातच गेले.

दुसरी अडचण, या किकवाल्या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर नाही, इंजिनमधल्या कॉइलच्या एसी करंटवर सरळ चालतो. म्हणून आयडलला पिवळट आणि रेस दिली की उजेड. त्यावर एलईडी लावला की तो फडफडतो. मग कॉइलचं जे टोक बॉडीला अर्थ असतं ते सोडवून दोन्ही टोकं फुल वेव्ह रेक्टिफायरला (एसी करंटचा डीसी करणारा भाग) दिली, हेडलाइट बॅटरीवर घेतला, बॅटरी अडीच अँपिअरवरून पाचची केली. मूळ बल्ब ३५ वॅटचा, एलईडी त्याहून कमी खातो, त्यामुळे चार्जिंग पुरतं. एलईडी इंडिकेटर भराभर मारायला लागले, कारण जुना फ्लॅशर रिले करंटवर चालतो आणि एलईडी करंट कमी घेतो. इलेक्ट्रॉनिक रिले टाकला, काम झालं.

चूक अशी. साइड पॅनल गेल्यामुळे रेक्टिफायर, रिले, सीडीआय (स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) सगळं लपवायला जागा नव्हती, म्हणून मी ते सीटच्या खाली मागच्या बाजूला बांधलं. बाहेरून काही दिसत नव्हतं, मला स्वतःलाच ते काम फार आवडलं होतं. कपलरची, म्हणजे वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या जोडांची, तोंडं वरच्या बाजूला होती. आणि त्यांच्या बरोबर खाली मागचं चाक.

चाकाच्या आणि या सगळ्याच्या मध्ये मूळ गाडीत मडगार्डचा पुढचा भाग असतो. तो बाहेरून दिसत नाही. आम्ही मागे ॲल्युमिनियमचं आखूड मडगार्ड लावलं होतं, वरून चाकाचा थोडासा भाग झाकणारं, आणि हा आतला भाग मूळ मडगार्डसोबत गोणीत गेला होता. एअर फिल्टरचा डबापण काढून कार्ब्युरेटरला उघडा कोन फिल्टर लावला होता, कारण डबा गेला की फ्रेमच्या मधून आरपार दिसतं, या प्रकारच्या गाडीत सगळ्यांना तेच हवं असतं. उघड्या फिल्टरने हवा जास्त येते, मिश्रण पातळ होतं, प्लग पांढरा पडायला लागला म्हणून कार्ब्युरेटरमध्ये मोठा जेट टाकला, म्हणजे पेट्रोल जास्त सोडणारा. ॲव्हरेज ६२ वरून ४८ वर आलं. तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता.

मार्चअखेर गाडी तयार झाली. एप्रिल-मे दोन महिने काहीही त्रास नाही, सिग्नलला लोक विचारायचे ही कुठली गाडी.

पावसाळा

आम्ही हिशोब धरला होता की मुंबईत पाऊस ११ जूनच्या आसपास येतो, त्याआधी एक रविवार काढून पाण्याचं बघू. त्या वर्षी मान्सून २६ मेलाच मुंबईत आला, निदान ७५ वर्षांतला सगळ्यात लवकर. आमचा तो रविवार आलाच नाही.

पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी झाल्या. वहिनी स्टेशनला उतरल्या आणि ऑफिसला जाऊन कळलं की कमरेपासून मानेपर्यंत ड्रेसवर चिखलाची एक सरळ रेघ आहे. दुसरी, त्यांची ओढणी एकदा चाकाकडे ओढली गेली, स्पीड नव्हता, मालकाने लगेच ब्रेक मारला, काही झालं नाही. मला हे दोन दिवसांनी कळलं आणि त्या रात्री नीट झोप लागली नाही. साडी गार्ड काढायला मी पण हो म्हटलं होतं. मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे माणूस बसणार असेल तर पकडायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं निदान अर्धं चाक झाकणारं कव्हर पाहिजेच. आम्ही कलम ५२ वाचलं, फ्रेमवर एवढी चर्चा केली, आणि दोन बोल्टच्या साडी गार्डवर पाच मिनिटंसुद्धा बोललो नाही.

तिसरी गोष्ट, कांजूरजवळ संध्याकाळी भर पावसात गाडी मिसिंग करायला लागली आणि बंद पडली. मालकाने ती भांडुपपर्यंत ढकलत आणली. सीट उघडली तर कपलरमध्ये चहासारखं पाणी भरलेलं, चाकाने उडवलेलं सगळं तिथेच जमा. स्पार्क नव्हता. कपलर सुकवून गाडी चालू झाली पण ओढेना, मग कोन फिल्टर काढून हातात दाबला, स्पंज पिळल्यासारखं पाणी निघालं.

काका खाली आले होते. त्यांनी काही सुनावलं नाही. मडगार्डचा तो आतला पत्रा माळ्यावरून काढून आणला, टेपवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "आतलं मडगार्ड (पाणी अडवतं)". जानेवारीतच लिहून ठेवलेलं, आम्ही कोणी वाचलंच नव्हतं.

अमेरिकेत १९३० आणि ४० च्या दशकात पोरांनी मडगार्ड कापून गाड्या हलक्या केल्या, बॉबर नावाचा प्रकार तिथून आला, आणि तिथे ते चालून गेलं असेल. मुंबईत चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे मडगार्ड कापायचं तर आधी ते पाणी कुठे जाणार त्याचं उत्तर पाहिजे.

काय परत लावलं

एकेक वस्तू गोणीतून काढून समोर ठेवली आणि प्रत्येकीला एकच प्रश्न, हिचं काम दुसरं कोण करतंय का. लेग गार्ड आणि व्हायजर, नाही लागत, गोणीत परत. कॅरियर पण गोणीतच, पण त्याला जोडलेलं मागच्या माणसाचं हँडल गेलं होतं म्हणून सीटच्या बाजूला पातळ काळं हँडल, मूळ बोल्टच्या जागीच.

साडी गार्ड परत लावला, मॅट काळा करून. आतलं मडगार्ड परत, तेही काळं, बाहेरून दिसतच नाही. मागच्या आखूड मडगार्डला खाली रबराची पट्टी जोडली, चिखलाची रेघ बंद. एअर फिल्टरचा डबा परत, मूळ जेट परत, ॲव्हरेज ६० ला आलं. फ्रेमच्या मधून आरपार दिसण्याची हौस गेली, मालकाला त्याचं दोन दिवस वाईट वाटलं.

चेन कव्हरवर वाद झाला. मालकाला उघडी चेन हवी होती आणि उघडी चेन दिसते खरंच छान. पण दोन आठवड्यांच्या पावसात ती तांबडी पडली होती, दर तीन-चार दिवसांनी तेल, आणि तरी आवाज. बंद कव्हरमधली चेन या गाड्यांवर वर्षानुवर्षं जाते कारण तिला चिखल लागतच नाही. शेवटी पूर्ण कव्हर परत आलं, काळ्या रंगात ते इंजिनच्या सावलीत मिसळून गेलं.

वायरिंग मी स्वतः परत केलं, पैसे घेतले नाहीत. रेक्टिफायर आणि सीडीआय टाकीखाली, कपलरची तोंडं खाली, प्रत्येकात डायइलेक्ट्रिक ग्रीस, आणि वायर कपलरमध्ये शिरायच्या आधी तिला खाली एक झोल दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोलाच्या तळाशी टपकतं, कपलरमध्ये शिरत नाही. मग गल्लीतल्या नळाला पाइप लावून सगळीकडून दहा मिनिटं पाणी मारलं, इंजिन चालू ठेवून. बंद पडलं नाही.

निकाल

एकूण खर्च २३,६०० च्या आसपास, त्यातले साधारण ४,००० कोन फिल्टर, जेट, आखूड मडगार्डचं पहिलं काम आणि सीट दोनदा करण्यात गेले. सीट दोनदा कारण पहिला फोम इतका पातळ होता की मुलुंडपर्यंत जाऊन आलं तरी वहिनींची कंबर धरायची. दुसऱ्या वेळी खाली कडक आणि वर मऊ असा दोन थरांचा फोम घातला, उंची बोटभर वाढली, रेघ थोडी बिघडली, ते मान्य केलं.

साडेअकरा किलोतले शेवटी पाच-साडेपाच किलोच गाडीबाहेर राहिले. तरी जुना फोटो शेजारी ठेवला तर गाडी ओळखू येत नाही. मागच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात एकदाही रस्त्यात थांबली नाही.

नंबर प्लेट चाकाच्या बाजूला लावायचं मालकाच्या मनात होतं, ते आधीच सोडलं होतं, हाय सिक्युरिटी प्लेट पुढे-मागे मूळ जागीच बसवली. इन्शुरन्सवाल्याला हेडलाइट, हँडल आणि सीटबद्दल मेलने कळवून ठेवलं, कारण न सांगता केलेल्या बदलावरून क्लेम अडकू शकतो. यंदा नूतनीकरणाच्या तपासणीला गाडी उभी केली तेव्हा हँडलच्या मानेवरचा चेसिस नंबर, इंजिन नंबर, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट बघितले, साडी गार्डला हात लावून हलवून बघितलं, आणि पास झाली. फ्रेम कापली असती तर त्या दिवशी काय झालं असतं याचा विचार मालकाने रांगेत उभं असताना केला, मला फोन करून सांगितलं.

परत केलं तर वेगळं काय

रंगाच्या आधी पाणी. आम्ही टाकीच्या फिनिशवर दोन आठवडे घालवले आणि पाइपने पाणी मारायची दहा मिनिटांची टेस्ट जूनमध्ये, गाडी बंद पडल्यावर केली. ती फेब्रुवारीत, सगळं उघडं असतानाच व्हायला हवी होती.

मागे बसणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी चर्चेत घ्यायला हवं होतं. सीटची लांबी आम्ही वहिनींसाठी ठेवली, पण त्यांना कोणी बसवून विचारलं नाही की पकडायला कुठे पाहिजे, पाय कुठे येतात, ओढणी कुठे जाते. एका चकरेत त्यांनी ते सगळं सांगितलं असतं.

कोन फिल्टर तर मी कुणालाच सुचवणार नाही, निदान मुंबईत रोज चालणाऱ्या कार्ब्युरेटरच्या गाडीला तरी नाही. आणि ॲव्हरेज १४ ने पडलं तेव्हा ते जेटचं आहे म्हणून सोडून दिलं, तो खरं तर गाडीने दिलेला पहिला इशारा होता.

गोण्या अजून माळ्यावरच आहेत, आता दोनच्या ऐवजी एक. परवा मालक म्हणत होता की सेंटर स्टँड पण काढूया, खालून लोंबतो. काका म्हणाले, "काढ, पण पंक्चर झाल्यावर चाक कसं उचलणार ते आधी मला दाखव." अजून लावलेलाच आहे.